वजन तेच, मग खडा लहान का?

प्रश्न : माणिक आणि पाचू दोन्ही २ कॅरटचे घेतले. दोन्ही गोल, घडणही सारखीच. तरी माणिक लहान दिसतं. फसवणूक झाली का? (देवगड)

नाही. कॅरट हे वजनाचं माप, आकाराचं नव्हे. १ कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, बस. माणकाची घनता पाण्याच्या ४ पट, पाचूची साधारण २.७ पट. म्हणजे त्याच वजनाचा पाचू जवळजवळ दीडपट जागा घेणार. वरून बघताना मात्र फरक इतका जाणवत नाही : माणिक ७ मिलिमीटरचं असेल तर पाचू ८ च्या आसपास. हाच खेळ बघायचा तर रत्नागिरीत मांडवीला जा. तिथली काळी वाळू म्हणजे बरीचशी इल्मेनाइट, लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज. ती जड, म्हणून लाट हलके कण ओढून नेते आणि हिला मागे ठेवते. (माणकांचा विषय निघाला आणि रत्नागिरीकराला इथे नजरकैदेत राहिलेला ब्रह्मदेशाचा थिबा राजा आठवला नाही, असं होत नाही. मोगोकच्या माणकांच्या खाणी त्याच्याच राज्यातल्या.)

प्रश्न : पुष्कराज म्हणून घेतलेला खडा, वजन ५.३० कॅरट. मेव्हणे म्हणतात, हा 'सुनेला' नावाचा पिवळा खडा आहे, तेवढ्या वजनाला फारच मोठा दिसतो. घरी कळेल का? (वेंगुर्ले)

मेव्हण्यांची नजर चांगली आहे. पिवळा नीलम, म्हणजे आपला पुष्कराज, घनतेने ४. सुनेला म्हणजे स्फटिकाचाच भाऊ, २.६५. खडा सुटा हवा, अंगठीत बसवलेला चालणार नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. खडा बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लोंबकळत धरा; तळाला, कडेला टेकू देऊ नका, बुडबुडे चिकटले असतील तर झटका. काट्यावर जो आकडा येईल, त्याने खड्याच्या वजनाला भागा; उत्तर येईल ती घनता. तुमचा खडा १.०६ ग्रॅमचा. आकडा ०.४० आला तर सुनेला, ०.२६–०.२७ आला तर पुष्कराज असण्याची शक्यता. शक्यताच म्हणतो, कारण कारखान्यात बनवलेल्या नीलमाची घनताही तीच. तिथे प्रयोगशाळाच लागते. ओपलवर हा प्रयोग नको, काही ओपल पाणी पितात.

प्रश्न : सोन्याचा कॅरटही हाच का? (गुहागर)

नाही. तिथे तो शुद्धता सांगतो. २४ पैकी किती भाग सोनं, एवढंच.

प्रश्न : हिऱ्यासारखा दिसणारा, पण स्वस्तातला म्हणून '१ कॅरटचा' अमेरिकन डायमंड मागवला. तो चिमुकलाच निघाला. (अलिबाग)

१ कॅरटचा गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटरचा. अमेरिकन डायमंड हिऱ्याच्या दीडपटीहून जड, त्यामुळे त्या मापाचा खडा दीड कॅरटच्या पुढे जातो. तुम्हाला खरोखर १ कॅरट वजनाचा दिला असेल तर तो ५.५ च्या आसपास भरणार. काही दुकानदार 'हिऱ्याच्या १ कॅरटएवढा' या अर्थाने बोलतात, काही वजनाने. भांडण तिथेच लागतं. मागवताना मिलिमीटर सांगा. आणि खडा बाजूनेही बघा. वजन कमी होऊ नये म्हणून घडवणारे खड्याचं पोट खोल ठेवतात. ते वजन कोंदणात लपतं, पैसे मात्र त्याचेही द्यावे लागतात.