पीयूसीनंतर हृदयरोगतज्ज्ञ व्हायला किती वर्षं लागतात?

तुमची मुलगी खानापुरात पीयूसी सेकंड इयरला, म्हणजे बारावीला आहे, दहावीपर्यंत मराठी शाळेत होती, आणि तिला हृदयरोगतज्ज्ञ व्हायचंय. किती वर्षं लागतील आणि मराठीमुळं अडेल का, असं तुम्ही विचारलंय. मी बेळगाव तालुक्यातल्या एका खेड्याच्या मराठी शाळेतला, आता भूलतज्ज्ञ आहे.

कागदावर साडेअकरा वर्षं. एमबीबीएस साडेचार, इंटर्नशिप एक, एमडी मेडिसिन तीन, मग कार्डिओलॉजीचं, म्हणजे हृदयरोगाचं डीएम ही त्यावरची पदवी तीन. पण वाटेत नीट ही प्रवेश परीक्षा तीनदा येते, एमबीबीएससाठी यूजी, एमडीसाठी पीजी आणि डीएमसाठी एसएस, आणि पीजीच्या दारात बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षं जातं. माझं एक गेलं. रताळी काढून आलेले वडील रोज विचारायचे, ‘डॉक्टर झालास की, आता कसला अभ्यास?’ पीजीच्या नीटला २०० प्रश्न, ८०० गुण, चुकलं की एक गुण वजा, हे त्यांना कुठं सांगत बसू? सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष लागू झालं तर ते आणखी वेगळं. तिशी ओलांडेल हे धरूनच चाला.

भाषेचं म्हणाल तर नीट यूजीला मराठीचा पर्याय आहे, पण तो फक्त महाराष्ट्रातल्या केंद्रांवर. बेळगावचं केंद्र घेतलं तर मराठी पेपर मिळत नाही. माझं मत, इंग्रजीच घ्या. पीजीची नीट इंग्रजीतच असते. महाराष्ट्रात एमबीबीएसला कर्नाटकाशी वाद असलेल्या ८६५ सीमागावांतल्या मराठी मुलांसाठी मोजक्या राखीव जागा आहेत. तुमचं गाव यादीत आहे का, कुठले दाखले लागतात, हे आत्ताच बघून ठेवा. ऐनवेळी त्या दाखल्यांपायी लोक रडकुंडीला येतात. पीजीला मात्र रहिवासाचं आरक्षण जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं घटनाबाह्य ठरवलं. एमबीबीएस कुठल्या कॉलेजात केलं याला अजून थोडं वजन आहे. आणि बेळगावात नेहरूनगरचं जेएनएमसी हे मेडिकल कॉलेज अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचं आहे, त्यामुळं तिथल्या पीजीच्या जागा बेंगळूरच्या केईएकडून, म्हणजे राज्याच्या प्रवेश प्राधिकरणाकडून नाही, दिल्लीच्या एमसीसी या केंद्राच्या प्रवेश समितीकडून भरतात. यात दरवर्षी कुणीतरी फसतंच.

एमडी म्हणजे वर्ग नव्हे, नोकरीच. स्टायपेंड मिळतो, झोप मिळत नाही. रात्रपाळ्या, लॉगबुक, प्रबंध, तीन महिने जिल्हा रुग्णालयात. शेवटी लेखी, आणि बाहेरच्या परीक्षकांसमोर पेशंट तपासून दाखवणं. तिथं मराठीमुळं नाही, कन्नड येत नसल्यानं अडतं. माझ्या लाँग केसला, म्हणजे परीक्षेत सविस्तर तपासायच्या पेशंट म्हणून, सौंदत्तीकडच्या आजी होत्या. भूल देण्याआधी हृदयाचा अंदाज घ्यायला विचारायचं असतं, जिना चढताना धाप लागते का. बाजारात ऐकलेल्या कन्नडवर मी विचारलं, ‘मेट्टिल हत्तिदर दम बरतैतेन्री?’ आजी म्हणाल्या, घरात जिनाच नाही. परीक्षक हसले. मग घागर घेऊन विहिरीवरनं येताना किती वेळा थांबता असं विचारलं, तेव्हा आजाराचा पत्ता लागला. उलट चंदगड, गडहिंग्लजचे पेशंटही बेळगावलाच येतात, तेव्हा मराठी कामाला येते.

मेडिकल कॉलेजात जागा नाही मिळाली तर डीएनबी ही पदवी आहे. तीही तीन वर्षांचीच, मोठ्या रुग्णालयांत, आणि एमडीच्या बरोबरीची. ‘खालची पदवी’ म्हणणाऱ्यांकडं लक्ष देऊ नका, तिची परीक्षा सोपी नसते.

पास झाल्यावरही एक काम उरतं, ते बरेचजण विसरतात. नवी पदवी कर्नाटक मेडिकल कौन्सिलकडं जादा पात्रता म्हणून नोंदवावी लागते. उद्या चंदगडात दवाखाना टाकला तर महाराष्ट्राच्या कौन्सिलकडं. त्या नोंदीशिवाय तज्ज्ञ म्हणून पाटी लावता येत नाही. माझा पेंटर दोनदा येऊन परत गेला होता. वडिलांनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, ‘अजून एक कागद यायचाय म्हणे.’