'आम्ही जाऊया' की 'आपण जाऊया'?

प्रश्न असा आहे: "मी मूळची फोंड्याची. घरी कोकणी, शाळा मराठी माध्यमाची. सहा महिन्यांपूर्वी नोकरीसाठी पुण्याला आले. ऑफिसात 'चला, आम्ही चहाला जाऊया' म्हटलं की सगळे हसतात आणि 'आपण म्हण' असं सांगतात. पण 'आपण' हे मोठ्यांना आदराने म्हणायचं, असं शाळेत शिकले होते. बरोबरीच्या लोकांना 'आपण' कसं म्हणू? माझं नक्की कुठे चुकतं?"

हसणाऱ्यांनी कारण सांगितलं असतं तर गोंधळ तिथेच मिटला असता. त्या चार शब्दांत तुम्ही त्यांना चहाला बोलावताही आणि मागेही ठेवता, म्हणून ते हसतात.

मराठीत 'आम्ही' म्हणजे मी आणि माझ्या बाजूची माणसं. ज्याच्याशी बोलणं चाललंय तो त्यात धरलेला नसतो. 'आपण' म्हणजे मी, तू, सगळे. पाहुणा "बरंय, आम्ही निघतो" म्हणाला की यजमान दार उघडायला उठतो. "चला, आपण निघूया" म्हणाला तर यजमानही चपला शोधू लागतो. जाऊया, बसूया, बघूया यातलं '-ऊया' तर समोरच्याचा हात धरूनच येतं. त्यामुळे 'आम्ही जाऊया'त आधी हात सोडला आणि मग धरला, असं होतं. 'आम्ही जाऊ' चालतं, 'आम्ही जाऊ का?' चालतं (ती परवानगी झाली). 'आम्ही जाऊया' मात्र पुणेरी कानाला खटकतं.

तुम्ही तसं का म्हणता, तेही उघड आहे. कोकणीत दोन्हीकडे 'आमी'च. 'चल, आमी वचूंया' हे अस्सल कोकणी वाक्य, त्यात कुणी मागे राहत नाही. तुम्ही 'वचूंया'चं 'जाऊया' केलंत आणि 'आमी'चं 'आम्ही'. पहिलं जुळलं, दुसरं फक्त जुळल्यासारखं दिसलं. शेजारच्या भाषांमध्ये शब्द वेगळा असेल तिथे आपण सावध असतो. सारखा असेल तिथेच पाय घसरतो.

'कोकणीमुळे मराठी बिघडली' असं कुणी म्हणालं तर त्याला एवढं सांगा: फादर थॉमस स्टीफन्सचं कोकणी व्याकरण 1640 साली आपल्या गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण 1836चं. एकाच 'आमी'त सगळ्यांना घेणं ही कोकणीची स्वतःची रीत आहे. संस्कृतातही 'वयम्' एकच, हिंदीतही 'हम' एकच. उलट मराठीच इथे वेगळी पडते. तिच्या सोबतीला गुजराती आहे ('अमे' आणि 'आपणे'), आणि दक्षिणेकडे तेलुगू ('मेमु' आणि 'मनम'), तमीळ वगैरे. हा भेद द्राविडी भाषांच्या शेजारामुळे मराठी-गुजरातीत आला, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे.

हा फरक फक्त चहापुरता राहत नाही. माझी भाची मडगावची, दिली पुण्याला. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात तिने नवऱ्याला फोन करून सांगितलं, "आमच्या घरी लाईट गेलीय." तिच्या मनात कोकणीतलं 'आमगेर' होतं, म्हणजे दोघांचा फ्लॅट. नवऱ्याने विचारलं, "मडगावला गेलीस कधी?" नवऱ्याशी बोलताना लग्न झालेल्या मुलीच्या तोंडी 'आमच्या घरी' म्हणजे माहेर, 'आपल्या घरी' म्हणजे दोघांचं. दोन वर्षांनी ती सवयीने 'आपल्या घरी' म्हणू लागली. आता मडगावला आली की आईला म्हणते, "आपल्या घरी असं नाही करत," आणि आई विचारते, "आपल्या म्हणजे कुठल्या गो?"

आता शाळेतल्या 'आपण'बद्दल. तेही खरंच आहे, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. हा शब्द संस्कृत 'आत्मन्'मधून प्राकृत 'अप्पण'च्या वाटेने आला. मूळ अर्थ 'स्वतः'. कोकणीने तो जवळपास तेवढाच ठेवला: 'तो म्हणटा, आपूण येना', म्हणजे येणार नाही तो तो स्वतः. मराठीने मात्र त्याला तीन कामांना जुंपलं. स्वतः, तू-मी-सगळे, आणि आदरार्थी तुम्ही. (मुंबईच्या नाक्यावर 'आपण नाय घाबरत' म्हणजे निव्वळ 'मी', ते चौथं. 'बसलो होतो आपला', 'आपलं सहज विचारलं' यातला 'आपला' तर काहीच न करता नुसता बसलेला असतो.)

एवढं ओझं असूनही रोजच्या बोलण्यात घोटाळा होत नाही, कारण क्रियापद सांभाळून घेतं. 'आपण उद्या येऊ' म्हणजे सगळे, 'आपण उद्या याल' म्हणजे तुम्ही. आलो-आलात, आहोत-आहात, येतो-येता. शेवटचं अक्षर ऐकलं की काम झालं. म्हणून सहकाऱ्यांना 'आपण चहाला जाऊया' म्हणताना ते अहो-जाहो वाटेल ही भीती काढून टाका. '-ऊया' तिथे पहाऱ्याला आहे.

क्रियापद गप्प बसलं की मात्र पंचाईत होते. 'आपण यावे', 'आपण आणायचे आहे', 'आपण काय घेणार?' या रूपांत कोण ते कळतच नाही. आणि नेमकी हीच रूपं सूचनापत्रांची लाडकी. 'राजूने सांगितलं की आपण उद्या येणार नाही' या वाक्यात रजेवर कोण आहे ते मला सांगा. राजू, की राजूसकट आपण सगळे?

याचा चटका मी स्वतः खाल्लाय. अंत्रुज महालातल्या (म्हणजे फोंड्याकडच्या) एका देवळात जत्रेला दरवर्षी गावचीच पोरं नाटक करतात. त्या वर्षी पौराणिक नाटक होतं आणि सूचना लिहायचं काम माझ्याकडे, कारण मी मुद्रितशोधनात आयुष्य घालवलेला माणूस; माझं मराठी 'शुद्ध'. मी ग्रुपवर टाकलं: "सर्व कलाकारांना विनंती, रंगीत तालमीला कपडेपट आपण आणायचा आहे." माझ्या मनात: तुम्ही, प्रत्येकाने. कलाकारांच्या मनात: आपण, म्हणजे मंडळ, भाड्याने येईल. माझ्या वाक्यात र्‍हस्व-दीर्घाची एक चूक नव्हती. रंगीत तालमीला इंद्र बर्म्युडावर उभा होता आणि नारदाकडे फक्त चिपळ्या होत्या. दिग्दर्शकाने माझ्याकडे जे पाहिलं ते अजून विसरलेलो नाही. आमच्या शेजाऱ्याने मात्र कपडे आणले होते. कारण विचारलं तर म्हणाला, "म्हाका समजूंक ना, म्हणून घरून घेऊन आलो."

तेव्हापासून माझा स्वतःपुरता नियम असा: क्रियापदावरून माणूस ओळखता येत नसेल तर 'आपण' खोडायचं आणि माणूस लिहायचा. 'कलाकारांनी आपापले कपडे आणावेत.' 'भाडं मंडळ देईल.' आणि एकट्या माणसाला लिहिताना सरळ 'तुम्ही'. मराठीत 'तुम्ही' पुरेसं आदराचं आहे. वडीलधाऱ्यांना आपण घरात तेच म्हणतो. 'आपणांस कळविण्यात येते की' छापाच्या पत्रांनी आपल्याला उगाच वाटायला लावलंय की 'तुम्ही' म्हणजे अंमळ उद्धट. मी हे उत्तर सबंध 'तुम्ही'त लिहिलंय. तुम्हाला राग आला नसेल अशी आशा.

म्हणजे मूळ प्रश्नाचं उत्तर: पुण्याच्या ऑफिसात 'आपण जाऊया' म्हणा. फोंड्याला, तिस्कावर मैत्रिणींसोबत उभ्या असाल आणि मराठीत बोलताना 'आम्ही जाऊया' तोंडातून गेलं, तर तिथे कुणी हसणार नाही आणि मागेही राहणार नाही. तिथे बदलायची गरज मला दिसत नाही. लिहिताना मात्र दोन्हीकडे 'आपण जाऊया'च ठेवा.

आणि ऑफिसात पुन्हा कुणी हसलं, तर "आपण काय घेणार?" असं विचारून बघा. तो फक्त स्वतःपुरता चहा सांगतो की सगळ्यांसाठी, ते मलाही कळवा.