अंबाडी : भाजीची, दोराची आणि सरबताची

प्रश्न : आमच्या तुरीच्या कडेने दरसाल अंबाडी असते. पावसाळाभर पाला खुडून भाजी करतो. यंदा बैलांचे कासरे घरीच वळायचे म्हणून तीच झाडे कापून भिजवली, तर वाख (सालीतला धागा) आखूड आणि तुटका निघाला. असं का झालं? (एक शेतकरी, औसा, जि. लातूर)

उत्तर : खुडल्यामुळे. शेंडा मोडला की अंबाडीला बगलेतून फांद्या फुटतात. भाजीला त्या हव्याच असतात, पण जिथे फांदी फुटते तिथे सालीतला धागा तुटतो. म्हणून भाजीची अंबाडी वेगळी राखा आणि दोरासाठी मृगाच्या पावसावर निराळा पट्टा पेरा, बियाणं तेच चालेल. ओळींमध्ये फूटभर अंतर आणि ओळीत चार बोटांवर झाड, इतकी दाट असू द्या. दाटीत झाडं उजेडासाठी सरळ वर जातात, चांगल्या रानात दहा फुटांपर्यंत. या पट्ट्यातलं एकही पान घरात येऊ देऊ नका.

दिवस लहान होऊ लागले की अंबाडी फुलते. फिकट पिवळं फूल, पोटात गर्द किरमिजी डाग. निम्म्या झाडांवर फुलं दिसली की कापा. बी भरेपर्यंत थांबलात तर वाख राठ होतो. बियाण्यापुरती थोडी धाटं मात्र उभी ठेवा.

आता भिजवणं, खरं कसब इथेच आहे. जुड्या बांधून आधी बुडखे दोन-तीन दिवस पाण्यात उभे करा, कारण तिथली साल जाड असते. मग जुड्या आडव्या बुडवून वर दगड ठेवा. चिखल लादू नका, वाख काळा पडतो. सालीतला चिकट भाग पाण्यातले जिवाणू खातात. पाणी कोमट असेल तर दहा-बारा दिवसांत काम होतं, थंडीत जास्त लागतात. आठवड्यानंतर रोज एक धाट काढून बोटांनी दाबा. साल काडीवरून अलगद सरकली की त्याच दिवशी बाहेर काढा, नाहीतर धाग्याचं बळ जातं. पाण्याला घाण वास सुटतो आणि मासे मरतात, त्यामुळे पिण्याच्या विहिरीत किंवा गावतळ्यात हे करू नका.

माझ्या माहेरी मातंग कारागीर अंगणात बसून चऱ्हाट वळायचे. वाखाची जुडी हातात घेताच ‘हा जास्त भिजलाय’ असं सांगायचे, आणि ते खरं असायचं. तुमच्या गावात असे कोणी जाणते असतील तर त्यांना रीतसर मजुरी देऊन बोलवा आणि शेजारी बसून शिका. नायलॉनने बैलाची मान सोललेली मी पाहिली आहे, म्हणून तुमचा हा खटाटोप मला फार मोलाचा वाटतो.

प्रश्न : गच्चीतल्या अंबाडीला पिवळी फुलं आली. सरबताची लाल बोंडं कधी धरतील? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ही वाखाची अंबाडी असेल तर धरणार नाहीत. हिच्या फुलाखालचा भाग बारीक आणि काटेरी असतो. सरबताला लाल अंबाडी लागते. तीही जास्वंदीच्याच कुळातली, पण जात वेगळी. तिचं बी जूनमध्ये लावा. कुंडी रात्रभर दिव्याच्या उजेडात राहील अशी ठेवू नका, फुलणं लांबतं. सध्याच्या झाडाचा कोवळा पाला उकडून पिळून घ्या, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवा आणि वरून लसणाची सढळ फोडणी द्या.