वीजबिल माफच आहे, मग सोलर पंप कशाला?

तुमचा हिशोब वरवर बरोबर वाटतो, की साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल शून्यच येतंय तर सोलर पंपाच्या किमतीतला 10 टक्के हिस्सा का भरायचा. पण बिल हा मुद्दाच नाहीये हो, मुद्दा रात्रीचा आहे. लाईट एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, म्हणजे जानेवारीच्या थंडीत रात्री दोनला बॅटरी आणि काठी घेऊन गव्हाला दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला जायचं, साप-विंचू वेगळेच. माझ्याकडे तीन वर्षं 5 एचपीचा सोलर आहे, नऊ वाजता पॅनलवर ऊन आलं की मोटर चालू, चारनंतर पाण्याची धार बारीक होत जाते, तोवर आपलं उरकलेलं असतं.

आणि शून्य बिल म्हणजे फुकट नाही बरं का. ते सरकार भरतं, वर्षाला 14 हजार कोटींच्या वर, शिवाय कारखान्यांना महाग वीज लावून शेतीची स्वस्त ठेवतात, मग उद्योगवाले ओरडतात. म्हणून तर सौर कृषी वाहिनी योजना आणली, गावाजवळच प्लांट टाकून साधारण 3 रुपये युनिटनं वीज घ्यायची आणि शेतीचा फीडर, म्हणजे शेतीला वीज पुरवणारी लाईन दिवसा चालवायची. जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख मिळतात, आमच्याकडची खडकाळ माळरानं त्यात गेली, तिथं तसंही कुसळच उगवायचं.

प्रदूषणाचं विचाराल तर रात्री मोटर चालते ती चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावर, सूर्य काय रात्री येत नाही. पण गव्हाला पाणी रात्रीच पाहिजे असं थोडंच आहे? हा लोड बॅटरीशिवाय दिवसावर सरकवता येतो, विहीर नाहीतर शेततळं हीच आपली बॅटरी.

आता वाईट बाजू. माझ्या पंपाचा कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज मोटरला देणारा डबा, ऐन हरभऱ्यात बंद पडला, कंपनीचा माणूस बावीस दिवसांनी उगवला, तेही रोज फोन करून करून, वॉरंटी पाच वर्षांची असून. ढगाळ वातावरणात पाणी कमीच येतं. पॅनलवरची धूळ महिन्यातून दोनदा पुसायची, मुलांना लावलंय कामाला.

खरी भीती पाण्याची आहे. दिवसभर फुकट उपसा म्हटल्यावर शेजारच्यानं ठिबक गुंडाळून पाट काढला, मार्चमध्ये त्याचा बोअर फुसफुसायला लागला आणि माझी विहीरही दोन हात खाली गेली.

तेव्हा अर्ज करायच्या आधी मे महिन्यात विहिरीत दोर सोडून पाणी किती खोल आहे ते मोजा, पंपाचा हेड, म्हणजे तो पाणी किती उंच उचलेल ते, त्यावरच ठरवा, एजंट सांगेल त्यावर नाही. आणि लाईटचं कनेक्शन आधीच असेल तर सोलरसाठी पात्र आहात का ते पहिलं विचारून घ्या.