मराठी विकिपीडियावर तुमचं संपादन उलटवलं गेलं तर

म्हणजे कुणी तुमचा बदल काढून पान आधीसारखं केलं, तर लगेच तेच परत जतन करू नका. आधी पानाचा इतिहास उघडा आणि उलटवणाऱ्यानं सारांशात (बदलासोबतच्या छोट्या टिपेत) काय लिहिलंय ते वाचा. बऱ्याचदा तक्रार एवढीच असते की संदर्भ नव्हता. तो द्या, विषय मिटला.

खरा घोळ दोघांकडेही संदर्भ असले की होतो. शिवाजी महाराजांची जन्मतारीखच घ्या. एका परंपरेत वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९. जेधे शकावलीत (जेधे घराण्याच्या तारीखवार नोंदींत) फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. राज्य सरकारनं ही दुसरी तारीख स्वीकारली आहे. इथे न्यायनिवाडा करणं तुमचं काम नाही. कुठल्या साधनात काय आहे आणि बहुतेक अभ्यासक काय मानतात, ते लिहा. दोन्ही तारखांना सारखंच वजन द्यायचीही गरज नाही.

मग लेखाच्या चर्चा पानावर या. नेमकं वाक्य, पुस्तक, पृष्ठ क्रमांक, शेवटी चार टिल्ड (~~~~) देऊन सही. ‘तुम्हाला इतिहास कळत नाही’ असलं काही नको, समोरच्याची जात, पक्ष तर काढूच नका (लोक काढतात!). उत्तराला वेळ लागेल, मराठीत नियमित संपादक मोजकेच आहेत. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलंत तर खात्यावर बंदी येऊ शकते, हेही माहीत असू द्या.

तरी अडलंच तर चावडीवर, म्हणजे सगळ्या संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, तिसऱ्याचं मत मागा. स्वतःच दुसरं खातं काढून ‘पाठिंबा’ देऊ नका, ते पकडलं जातं.