प्रकाशोपचाराचा चष्मा हप्त्यावर घ्यावा का?

प्रश्न: रात्री दोनशिवाय डोळा लागत नाही, सकाळी साडेनऊला उठूनही दिवसभर उदास वाटतं. डोळ्यांवर घालायचा, डोळ्यांत उजेड सोडणारा प्रकाशोपचाराचा चष्मा १२ मासिक हप्त्यांत घ्यावा म्हणते. किंमत पगाराच्या एक तृतीयांश आहे. शिल्लक जेमतेम महिन्याच्या खर्चाची.

उत्तर: आत्ता घेऊ नका, हप्त्यावर तर नाहीच. उपकरण फसवं आहे म्हणून नव्हे. सकाळच्या उजेडाने तुम्हाला फरक पडतो का, हे फुकटात तपासता येतं आणि ते अजून तपासलेलं नाही.

घरातल्या दिव्यांचा उजेड डोळ्यांपर्यंत साधारण १०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) पोहोचतो. उघड्यावर ढगाळ सकाळीही काही हजार. तेव्हा दोन आठवडे उठल्या उठल्या अर्धा तास बाहेर घालवा, गॉगल न लावता, पण सूर्याकडे थेट न बघता. झोपेच्या आणि उठण्याच्या वेळा लिहून ठेवा. गजर मात्र एकदम सहाचा लावू नका. शरीराचं तापमान नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी सर्वांत खाली जातं. त्याच्या आधी डोळ्यांवर पडलेला उजेड झोप अलीकडे आणण्याऐवजी आणखी पुढे ढकलतो. चष्मा घेऊनही ‘उलटंच झालं’ म्हणणाऱ्यांचं बऱ्याचदा इथेच चुकतं. उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटांनी अलीकडे आणा, आणि झोपेआधी दोन तास घरातले दिवे मंद ठेवा.

झोप अलीकडे सरकली आणि तरी रोज बाहेर पडणं जमण्यासारखं नसेल, तरच खरेदीचा विचार. त्यातही आधी टेबलावरचा दिवा बघा. १०,००० लक्स, रोज सकाळी ३० मिनिटं हे त्याचं रुळलेलं प्रमाण. पण तो आकडा ठरावीक अंतरावरचा असतो, अंतर दुप्पट केलंत तर उजेड निम्म्याहूनही बराच कमी होतो. चष्म्याचे जादा पैसे मोजायचे ते केवळ वावरत उपचार घेता येतो म्हणून. एरवी चहा पीत अर्धा तास बसत असाल, तर ते वाया. घ्यायचाच झाला तर डोळ्यांपाशी मोजलेला लक्स विचारा.

दोन आठवड्यांत काहीच हललं नाही, किंवा घोरणं, झोपेत श्वास अडकणं असेल, तर हे पैसे डॉक्टरांकडे खर्च करा. उदासी वाढत असेल तर दोन आठवडेही थांबू नका. बायपोलर आजार, दृष्टिपटलाचा विकार किंवा उजेडाची संवेदनशीलता वाढवणारी औषधं असतील, तर बाहेरचा प्रयोग असो वा चष्मा, आधी डॉक्टरांना विचारा.

आता हप्ते. किंमत १०० धरा. १८% ‘फ्लॅट’ दराने वर्षात ११८ भराल. मुद्दल दरमहा घटत असताना व्याज पूर्ण रकमेवर लागतं, म्हणून खरा दर ३२ टक्क्यांच्या आसपास जातो. ‘बिनव्याजी’ योजनेत प्रक्रिया शुल्क आणि रोखीवर हुकलेली सूट खर्चात धरून बघा. त्यापेक्षा सहा महिने पगाराचे साडेपाच ते सहा टक्के वेगळे ठेवा. आहे त्या शिल्लकीला हात लावू नका. एक महिन्याची तरतूद मुळातच तोकडी आहे.

पैसे जमले की परताव्याची मुदत वाचा. ती किमान तीन आठवड्यांची नसेल तर दुसरा विक्रेता शोधा. फरक कळायलाच आठवडा-दोन आठवडे जातात. मुदत सहसा वस्तू हातात पडल्यापासून मोजतात, तेव्हा प्रवास किंवा लग्नकार्य तोंडावर असेल तर मागणी नंतर नोंदवा.