मोठी बॅटरी भरलेली, तरी गाडी सुरू होईना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेल्या दिवाळीत आम्ही हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी घेतली. मे महिन्यात नवतपा लागण्याआधीच मुलीकडे बेंगळुरूला गेलो आणि साधारण तीन आठवड्यांनी परतलो, तर रिमोटने दार उघडेना. किल्लीने उघडले, पण स्टार्टचे बटण दाबल्यावर डॅशबोर्डवरचे दिवे क्षणभर मिणमिणले आणि विझले. ओळखीच्या मेकॅनिकने मोठी बॅटरी गेली असावी आणि खर्च लाखाच्या घरात जाईल, असे सांगितले. आमचा धीरच सुटला आहे. एवढी मोठी बॅटरी असताना दिवे, हॉर्न, एसी यांना वीज मिळते तरी कुठून?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपण सांगितलेली लक्षणे मोठ्या बॅटरीची नसून, त्याच गाडीत असलेल्या १२ व्होल्टच्या लहान बॅटरीची आहेत. ती बॅटरी उतरली असावी. तिची तपासणी होईपर्यंत मोठ्या बॅटरीवर एक रुपयाही खर्च करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

हायब्रिड गाडीत विजेची दोन स्वतंत्र घरे असतात. एक उच्च दाबाचे : चाके फिरवणारी मोटर, बॅटरीची वीज तिला चालेल अशी करून देणारा इन्व्हर्टर आणि मोठी बॅटरी. हिचा दाब गाडीनुसार साधारण १५० ते ३०० व्होल्टच्या दरम्यान असतो आणि तिच्या केबली ओळखू याव्यात म्हणून नारिंगी रंगाच्या असतात. दुसरे घर १२ व्होल्टचे : हेडलाइट, हॉर्न, वायपर, काचा, म्युझिक सिस्टिम, दारांची कुलुपे आणि गाडीतले सगळे संगणक. ही सामग्री साध्या गाड्यांमध्ये वापरतात तीच आहे. तिला थेट २०० व्होल्ट दिले तर ती जळून जाईल, शिवाय इतका दाब दारापासून डिकीपर्यंत सगळीकडे फिरवणे धोक्याचेही आहे.

साध्या गाडीत इंजिनाच्या पट्ट्यावर अल्टरनेटर फिरतो आणि तो १२ व्होल्टची बॅटरी भरत राहतो. आपल्यासारख्या पूर्ण हायब्रिड, म्हणजे काही अंतर नुसत्या विजेवरही धावणाऱ्या गाडीत अल्टरनेटर नसतो. त्याची जागा डीसी-डीसी कन्व्हर्टर घेतो. मोठ्या बॅटरीतून येणारा सरळ प्रवाह तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून तुकडे तुकडे करतो, ते तुकडे छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून नेऊन दाब उतरवतो आणि पुन्हा सरळ करून सुमारे १४ व्होल्टवर बाहेर सोडतो. ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही वेटोळ्यांमध्ये तारेचा थेट संबंध नसल्यामुळे उच्च दाबाची वीज गाडीच्या पत्र्यापर्यंत पोचत नाही, आणि मला तरी या रचनेतली ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. गाडी सिग्नलवर उभी असून इंजिन बंद असले, तरी कन्व्हर्टर काम करत असतो. म्हणूनच हेडलाइट मंदावत नाहीत.

एसीची गोष्ट वेगळी आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात तापलेली गाडी थंड करताना कंप्रेसर दोन-अडीच किलोवॉट वीज सहज ओढतो. १२ व्होल्टवर तेवढ्यासाठी सुमारे २०० अँपिअर प्रवाह लागला असता आणि अंगठ्याएवढ्या जाड तारा टाकाव्या लागल्या असत्या. २०० व्होल्टवर तेच काम १२ अँपिअरमध्ये होते. म्हणून कंप्रेसर थेट मोठ्या बॅटरीवर चालतो, तर हवा फेकणारा ब्लोअर मात्र १२ व्होल्टवर. १९९७ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या टोयोटा प्रियस या हायब्रिड गाडीचा कंप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावरच होता, तो विजेवर आला २००३ च्या दुसऱ्या पिढीत.

आता आपल्या मूळ अडचणीकडे येऊ. गाडी बंद असताना सुरक्षेसाठी मोठी बॅटरी बाकी गाडीपासून तोडलेली असते. तिला जोडणारे जाड रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, १२ व्होल्टवर जुळतात. गाडी ठीक असेल तेव्हा शांत पार्किंगमध्ये ब्रेक दाबून स्टार्टचे बटण दाबावे आणि कान द्यावा : आतून ‘टक्’ असा आवाज येतो, तो या रिलेंचा, आणि मग डॅशबोर्डवर ‘रेडी’ उमटते. कोठार धान्याने भरलेले असले तरी कुलपाची किल्ली हरवली तर दाणाही हाती लागत नाही, तशी आपल्या गाडीची स्थिती झाली आहे. लहान बॅटरी उतरली की संगणक जागा होत नाही, रिले जुळत नाही आणि कन्व्हर्टरलाही काम सुरू करता येत नाही.

ती उतरली कशी, याचा हिशेब सोपा आहे. बंद गाडीतही रिमोटचा रिसीव्हर, चोरीची घंटा आणि मोबाइलशी बोलणारी यंत्रणा मिळून थोडा प्रवाह घेत राहतात. तो ३० मिलिअँपिअर धरला, तरी दिवसाला ०.७२ अँपिअर-तास आणि तीन आठवड्यांत सुमारे १५ अँपिअर-तास होतात. हायब्रिडमधल्या या बॅटरीला सेल्फ फिरवावा लागत नाही, कारण इंजिन मोठी बॅटरी व मोटरच सुरू करते. त्यामुळे ती मुळातच लहान असते, आणि ३५ अँपिअर-तासाच्या बॅटरीतून १५ गेले की चाळीस टक्क्यांहून जास्त साठा संपतो. त्यात तापमान ४५ अंशांच्या वर गेले की शिशाच्या बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. उन्हात उभ्या गाडीसाठी ही दुहेरी मार आहे.

मल्टिमीटर लावून पाहावे : भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२ च्या खाली असेल तर ती उतरली आहे. गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या टोकांवर जंपर केबल जोडून दुसऱ्या गाडीची मदत घेता येते. सेल्फ फिरवायचा नसल्यामुळे फार जोर लागत नाही. लाल-काळी टोके उलटी मात्र मुळीच जोडू नयेत. आपल्या गाडीवरून दुसऱ्याची गाडी सुरू करून देणे बहुतेक कंपन्या वर्ज्य मानतात.

पुढच्या वेळी बाहेरगावी जाताना आठवड्यातून एकदा कोणाला तरी गाडी फिरवून आणायला सांगावे. ते जमणार नसेल तर मोकळ्या जागी ती ‘रेडी’ अवस्थेत अर्धा-पाऊण तास ठेवावी. इंजिन मध्येच आपोआप सुरू होते, म्हणून बंद गॅरेजमध्ये हे करू नये, विषारी वायू जिवावर बेततो. आणि ‘रेडी’ न करता नुसत्या अ‍ॅक्सेसरी मोडमध्ये गाणी ऐकत बसू नये. त्या वेळी कन्व्हर्टर बंद असतो आणि सगळा भार लहान बॅटरीवर पडतो.

प्रश्न : हिवाळ्यात वर्धा रोडवर पहाटे धुके असते, म्हणून हायब्रिड गाडीला जास्तीचे फॉग लॅम्प लावायचे आहेत. मोठ्या बॅटरीवरून जोडता येतील का?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : नाही, आणि तसे सांगणाऱ्या दुकानात दुसऱ्यांदा जाऊ नये. नारिंगी केबलीला प्रशिक्षित माणसाशिवाय कोणीही हात लावू नये. जास्तीचे दिवे १२ व्होल्टच्या बाजूलाच, स्वतंत्र फ्यूज आणि रिले टाकून, एलईडीचे लावावेत. दोन एलईडी दिवे मिळून चार-पाच अँपिअरपेक्षा जास्त घेत नाहीत, त्यामुळे कन्व्हर्टरवर ताण येत नाही. मूळ वायरिंग सोलून जोड मारला तर वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो. ही वीज फुकट असते, असे मात्र समजू नये. ती शेवटी पेट्रोलमधूनच येते, ब्रेक लावताना मोटर जनरेटर बनून तिचा थोडा भाग परत मिळवते एवढेच.

प्रश्न : माझ्या गाडीवरही ‘हायब्रिड’ लिहिले आहे, पण सिग्नलवर इंजिन बंद झाले की थोड्या वेळात एसीची हवा गरम येते. शेजाऱ्यांच्या हायब्रिडमध्ये असे होत नाही. बिघाड आहे का?
— एक वाचक, सदर

उत्तर : बिघाड नाही. आपली गाडी माइल्ड हायब्रिड असावी. तिच्यात पट्ट्यावरचा एक जनरेटर इंजिनाला थोडी मदत करतो, पण एसीचा कंप्रेसर इंजिनावरच फिरतो, त्यामुळे इंजिन थांबले की नुसता ब्लोअर उरतो. डॅशबोर्डजवळ इंजिन आपोआप बंद होणे थांबवणारे बटण असते. मे महिन्यात शहरात ते दाबून ठेवावे, पेट्रोल किंचित जास्त लागेल.